काळ्या मातीतली काँक्रीटची किनार : एका सोसायटीच्या बागेचे प्रकरण

पुण्याच्या दक्षिण भागातल्या, ओढ्यापासून फार लांब नसलेल्या एका सोसायटीच्या बागेत २०१९ च्या उन्हाळ्यात फुलवाफ्यांना काँक्रीटची किनार घालण्यात आली आणि २०२१ च्या फेब्रुवारीत त्यातली जवळपास निम्मी फोडून काढावी लागली. मी तेव्हा उद्यान समितीत होतो आणि ज्या सभेत हा निर्णय झाला तिथे वर झालेल्या हातांत माझाही हात होता. नोकरीची बरीच वर्षे कालव्यांच्या अस्तरीकरणावर गेलेली असल्यामुळे काळ्या मातीवर काँक्रीट कसे वागते हे मला माहीत नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही. माहीत होते, पण कालव्याच्या नकाशावर जे चटकन दिसते ते स्वतःच्या बागेच्या काठावर दिसत नाही, एवढेच.

बागेला आधी विटांची किनार होती. तिरप्या पुरलेल्या, करवतीच्या दातांसारख्या दिसणाऱ्या विटा आणि दर वर्षी २६ जानेवारीच्या आधी त्यांच्यावर फिरणारा गेरूचा आणि चुन्याचा हात. शाळेच्या मैदानात किंवा सरकारी विश्रामगृहाच्या आवारात ही किनार पाहिलेली नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडायचा नाही. बारा वर्षांत या विटांची टोके झिजून गेली होती, पार्किंगच्या बाजूच्या विटा स्कूटरच्या चाकांनी उखडल्या होत्या आणि लॉनमधली हरळी विटांच्या फटींतून बिनदिक्कत वाफ्यांत शिरत होती. माळीकाकांचे महिन्यातले दोन पूर्ण दिवस खुरपे घेऊन लॉनची कड सरळ करण्यात जात. सभेत त्यामुळे फारशी चर्चा झालीच नाही. "एकदाच काय ते पक्के करून टाका" या वाक्यावर सगळ्यांचे एकमत झाले.

आमच्यासमोर तीन दरपत्रके होती. नवीन विटांची किनार फुटाला ६५ रुपये, जागेवर ओतलेले काँक्रीट १४० रुपये आणि कारखान्यात तयार केलेले सुटे कर्ब, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे, आणून बसवणे १८५ रुपये. एकूण काठ १८० मीटर, म्हणजे सुमारे ५९० फूट. ओतीव काँक्रीटचा खर्च ८२ हजारांच्या आसपास आणि सुट्या कर्बचा लाखाच्या वर जात होता. दिसायला दोन्ही सारखेच, मग पंचवीस-सव्वीस हजार जास्त कशाला द्यायचे, हा प्रश्न खजिनदारांनी विचारला आणि त्याचे उत्तर त्या वेळी कोणी दिले नाही.

एकच काठ, चार कामे

आज मागे वळून पाहताना पहिली चूक दिसते ती काँक्रीट निवडण्याची नव्हे, तर १८० मीटरचा काठ ही एकच वस्तू मानण्याची. प्रत्यक्षात त्या काठाला जागोजागी वेगळे काम होते. पार्किंगला लागून असलेल्या ७० मीटरमध्ये मोटारींची चाके थोपवायची होती. लॉन आणि वाफा यांच्यामधल्या ६० मीटरमध्ये गवत अडवायचे होते आणि गवत कापण्याच्या यंत्राच्या चाकाला धावपट्टी द्यायची होती. पेव्हर ब्लॉकच्या पायवाटेलगतच्या ३० मीटरमध्ये वाफ्यातली माती पावसात वाटेवर येऊ द्यायची नव्हती. उरलेले २० मीटर सहा झाडांभोवतीची आळी होती. त्यांना खरे तर काठाची गरजच नव्हती. पण बाकी सगळीकडे होतोच आहे तर तिथेही करून घेऊ, असे ठरले. कंत्राटदाराने चारही ठिकाणी एकाच मापाचा काठ ओतला. तो १५० मिलिमीटर रुंद आणि २२५ मिलिमीटर उंच होता. त्यातले १०० मिलिमीटर जमिनीत आणि १२५ मिलिमीटर वर.

या मापाच्या काठाचे एका मीटरचे वजन साधारण ८१ किलो भरते. काँक्रीटचे खरे सामर्थ्य इथे आहे. मोटारीचे चाक येऊन टेकले तर हा काठ हलत नाही आणि मूल त्याच्यावरून धावले तर तो कलंडत नाही. वाळवी, सडणे, गंजणे यांतले काहीही त्याला लागत नाही. प्लास्टिकच्या पट्टीसारखा तो उन्हाने तडकून ठिसूळ होत नाही. वक्र वाफे असतील तर लवचीक प्लायचे शटरिंग, म्हणजे ओतण्याचा साचा, वाकवून हवा तो आकार मिळतो, जे विटांना किंवा दगडांना इतक्या सफाईने जमत नाही. आमच्या बागेतला नागमोडी लांब वाफा शटरिंग काढल्या दिवशी इतका देखणा दिसत होता की लोकांनी फोटो काढून गावी पाठवले.

ओतकाम

काम मे महिन्याच्या उत्तरार्धात झाले. चर खणला, तळ धुमसाने ठोकला आणि थेट काळ्या मातीवर काँक्रीट ओतले. मिश्रण एम-२० दर्जाचे होते. म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकद द्यावी असे. बागेच्या काठाला ते पुरेसे, किंबहुना जास्तच. मिश्रणाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार दोन गोष्टींबद्दल आहे, आणि त्या दोन्ही आमच्या डोळ्यांदेखत घडल्या.

एक म्हणजे पाणी. त्या उन्हाळ्यात सोसायटी टँकरवर होती आणि बागेच्या काठाला मारायला पाणी मागणे म्हणजे शेजाऱ्यांच्या शिव्या खाणे होते. ओली पोती तीन दिवस राहिली, चौथ्या दिवशी ती वाळून कडक झाली आणि मग कोणीतरी घडी करून पंपघरात ठेवली. आयएस ४५६ : २००० हे काँक्रीटचे भारतीय मानक साध्या पोर्टलँड सिमेंटलाही किमान सात दिवस ओलावा सांगते, कोरड्या, उष्ण हवेत दहा दिवस, आणि आपण सर्रास वापरतो त्या राखमिश्रित सिमेंटला चौदा दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस करते. पाणी कमी पडलेल्या काँक्रीटचा वरचा थर पिठूळ राहतो. आमच्या काठाच्या माथ्यावरून पहिल्या दिवाळीत नख फिरवले तर पांढरी भुकटी निघत होती.

दुसरी गोष्ट सांध्यांची. काँक्रीट वाळताना आकसते. त्याच मानकात ढोबळ हिशेबासाठी आकुंचनाचे प्रमाण ०.०००३ धरले आहे, म्हणजे दहा मीटर लांबीत तीन मिलिमीटर. शिवाय तापमानात ३० अंशांचा फरक पडला की दहा मीटरचे काँक्रीट आणखी तीनेक मिलिमीटर लहान-मोठे होते. ही हालचाल होऊ द्यायला दर अडीच-तीन मीटरला सांधा ठेवायचा असतो. आमचे काही पट्टे सलग तीस मीटरचे होते आणि सांधे होते ते फक्त गवंडी संध्याकाळी घरी गेले त्या जागी.

पहिला पावसाळा

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्याच्या दक्षिण भागात जो पाऊस झाला आणि आंबिल ओढ्याला जो पूर आला, तो शहर सहजी विसरणार नाही. आमच्या इमारतींना धोका झाला नाही, पण सकाळी गॅलरीतून पाहिले तेव्हा नागमोडी वाफा पाण्याने काठोकाठ भरलेला होता आणि त्यात एक चप्पल संथपणे तरंगत होती.

पाणी ओढ्याचे नव्हते. आभाळातून पडलेलेच होते आणि त्याला बाहेर जायला वाट नव्हती. तो वाफा अडीच मीटर रुंद आणि चोवीस मीटर लांब, म्हणजे ६० चौरस मीटरचा. त्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तरी तीन हजार लिटर पाणी होते. ओली झालेली काळी माती फुगून आपल्याच फटी बंद करते आणि मग तिच्यातून पाणी जवळजवळ झिरपतच नाही. वर चारी बाजूंनी १२५ मिलिमीटरचा अखंड काठ. आम्ही वाफा बांधला नव्हता, हौद बांधला होता.

जुन्या विटांच्या किनारीतून हे पाणी बारा वर्षे मुकाट्याने बाहेर जात होते. ज्या फटींतून हरळी आत शिरते म्हणून आम्ही विटा काढल्या, त्याच फटी वाफ्याचा निचरा करत होत्या. विटांचा हा गुण आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आला नव्हता, कारण तो कधी बिघडलाच नव्हता. माळीकाकांनी मात्र जुलैतच सांगितले होते: "साहेब, चार भोकं पाडून द्या. पाणी कोंडलंय, झाडं गुदमरतील." मी पावसाळा संपल्यावर बघू म्हणालो. ऑक्टोबरपर्यंत त्या वाफ्यातल्या निम्म्या तगरी आणि सगळे गुलाब मुळांशी कुजून गेले.

पिवळ्या एक्झोराची चौकशी

त्यानंतरच्या हिवाळ्यात पायवाटेच्या बाजूच्या एक्झोरा या फुलझुडपाची पाने पिवळी पडू लागली. पान पिवळे आणि शिरा हिरव्या, तीही कोवळ्या पानांपासून सुरुवात. लोह मिळत नसल्याची ही ओळखीची खूण. पिवळेपणा काठापासून साधारण फूटभर रुंदीच्या पट्ट्यात होता. वाफ्याच्या मध्यावरची झुडपे ठणठणीत होती. काँक्रीटमधला चुना मातीत उतरतो आणि आम्लप्रिय झाडे मारतो, हे आमच्याकडे सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेले होते, त्यामुळे निकाल लगेच लागला.

मला तो निकाल पटला नाही आणि आजही पूर्ण पटत नाही. ताज्या काँक्रीटमधून चुना सुटतो हे खरे, पण जेमतेम सहा इंच रुंद काठातून सुटून तो फूटभर माती बिघडवेल एवढा असतो असे मला वाटत नाही. आणि आपली काळी माती मुळातच अल्कधर्मी, बऱ्याचदा सामू (पीएच) आठच्या आसपास असलेली, त्यामुळे एक्झोरा तिच्यात आधीच काठावर पास होणारा विद्यार्थी. आम्ही खणून पाहिले. वीतभर खाली सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे मुठीएवढे गोळे निघाले, सिमेंटच्या पोत्याचा कागद निघाला आणि एका जागी तर घमेल्याच्या तळाच्या आकाराची अख्खी चकती निघाली. गवंड्यांनी घमेली, फावडी आणि मिश्रणाचा पत्रा रोज संध्याकाळी वाफ्यात धुतला होता आणि उरलेला राडारोडा तिथेच मातीआड केला होता. त्यावर पाणी तुंबलेले, म्हणजे मुळे आधीच अर्धमेली. तो पट्टा दीड फूट खोल उकरून माती बदलली, भरपूर शेणखत घातले, लोहासाठी हिराकस दिले. पुढच्या वर्षी एक्झोरा सावरला, आणि काठ मात्र तिथेच, तसाच होता.

तेव्हा चुन्याचा दोष काँक्रीटच्या नावावर मांडायचा तर थोडाच मांडावा. बाकीचा दोष काम करून घेणाऱ्याचा आहे. वाफ्याच्या बाजूला प्लास्टिकचा कागद अंथरावा आणि धुण्याचे पाणी एका ठरलेल्या जागी काढावे, एवढी अट कंत्राटात लिहिली असती तर पुरले असते.

तड्यांची पाहणी

२०२० मध्ये टाळेबंदीमुळे दुरुस्तीचा विषय निघाला नाही. पण काठ पाहायला मला वेळच वेळ मिळाला आणि २०२१ च्या जानेवारीत मी ओळंबा, पोलादी पट्टी आणि वही घेऊन १८० मीटर काठ फूट-फूट तपासला.

तडे दोन जातींचे होते. एक जात केसाएवढी बारीक, उभी, बऱ्यापैकी समान अंतरावर आलेली आणि दोन्ही बाजूंची पातळी सारखी असलेली. हे आकुंचनाचे तडे. आम्ही सांधे दिले नाहीत म्हणून काँक्रीटने स्वतःच पाडून घेतलेले सांधेच ते. ते दिसायला वाईट दिसतात, पण काठाचे काही बिघडवत नाहीत. त्यांतून हरळीचे एखादे पाते बाहेर डोकावते, तेवढेच.

दुसरी जात पाचरीसारखी होती. वर रुंद आणि खाली मिटत गेलेली, किंवा उलट. वर रुंद तडा म्हणजे मधला भाग फुगून वर आला आहे किंवा दोन्ही टोके खचली आहेत. खाली रुंद म्हणजे मधला भाग बसला आहे. हे काम मातीचे. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज असते. ते पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. माती सगळीकडे सारखी फुगली असती तर काठ लिफ्टसारखा सरळ वर-खाली झाला असता. बागेत तसे होत नाही. वाफ्याकडची बाजू बारा महिने पाइपने भिजते आणि पार्किंगकडची बाजू पेव्हर ब्लॉकखाली उन्हाळाभर कोरडी राहते. आतली बाजू वर उचलली जाते, बाहेरची खाली राहते आणि काठ वाफ्यातून बाहेर कलंडतो. पार्किंगच्या नऊ मीटर पट्ट्यात ओळंब्याने २२ मिलिमीटरपर्यंत कल दाखवला. एवढा कल डोळ्यांना दिसतो. लहान मुलेसुद्धा त्या पट्ट्याला "वाकडी भिंत" म्हणत असत.

इथे कालव्याची आठवण टाळता येत नाही. काळ्या मातीतल्या कालव्यांची अस्तरे फुटू नयेत म्हणून मुंबईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर मध्ये देण्याची पद्धत अभ्यासली आणि ती कालव्यांवर वापरली गेली. काळ्या मातीवर थेट काँक्रीट टाकू नये, हे आमच्या पिढीतल्या अभियंत्यांना या कामामुळे पाठ झाले. मात्र तो उपाय जसाच्या तसा बागेत आणता येत नाही हेही सांगायला हवे. कालव्याखाली असा थर मीटरभर जाडीचा लागू शकतो आणि वीतभरही रुंद नसलेल्या काठासाठी तेवढे खणणे हास्यास्पद आहे. बागेत काठाखाली २० ते ३० सेंटिमीटर मुरूम पाणी मारून, थर देऊन ठोकला तर काठाला सारखी बैठक मिळते, मातीची हालचाल थोडी सौम्य होऊन वर पोचते आणि दोन वर्षांऐवजी दहा वर्षे काठ सरळ राहण्याची आशा धरता येते. त्यातही एक मेख आहे. काळ्या मातीत खणलेला मुरमाचा चर म्हणजे पाणी साठवणारी पन्हळच. तिला ढाळ देऊन शेवटी पावसाळी गटारात सोडली नाही तर आपणच मातीला फुगायला पाणी आणून देतो. मुरूम सगळे कंत्राटदार सुचवतात, ढाळ कोणी सुचवत नाही.

लॉनचा पट्टा आणि झाडांची आळी

लॉनच्या कडेला काठाने आपले काम चोख केले, पण सगळ्या लांबीत नव्हे. ३८ मीटरमध्ये जमीन उताराची असल्यामुळे काठाचा माथा योगायोगाने लॉनच्या पातळीला आला होता. तिथे यंत्राचे एक चाक काठावरून धावते आणि पाते शेवटच्या गवतापर्यंत पोचते. माळीकाकांचे दोन दिवसांचे काम अर्ध्या दिवसावर आले ते याच पट्ट्यात. उरलेल्या २२ मीटरमध्ये काठ पाच इंच वर होता. यंत्र त्याला अडून तीन इंच अलीकडेच थांबे आणि ती गवताची झालर ब्रश कटरच्या नायलॉन दोरीने कापावी लागे. दोरी काठावर घासून दर वेळी तुटे आणि एखाद्या झुडपाच्या बुंध्याची साल सोलून जाई. सारख्याच काँक्रीटचा, सारख्याच पैशाचा काठ. फरक फक्त पाच इंच उंचीचा.

हरळीबद्दल एक खुलासा करायला हवा. जमिनीवरून धावणारे तिचे कोंब काठ अडवतो, पण जमिनीखालून जाणाऱ्या कांड्या १०० मिलिमीटर खोलीला जुमानत नाहीत. त्या मंदावतात, थांबत नाहीत. आणि लव्हाळ्याच्या गाठी तर मातीबरोबरच आत आलेल्या असतात. त्यांच्यापुढे कोणताही काठ निरुपयोगी आहे.

झाडांभोवती जे केले ते मात्र निव्वळ चूक होते आणि तिला कोणतीही फायद्याची बाजू नाही. एका बहाव्याच्या आणि पाच कडुनिंबांच्या बुंध्यांभोवती आम्ही जेमतेम अडीच फूट व्यासाची कडी ओतली आणि आत माती भरून तिला चुनखडीने सजवले. बुंध्याची मान मातीत गाडली गेली. बुंधा जाड होत जाणार हे कोणी धरले नव्हते. दोन निंबांनी दीड वर्षात कडे फोडून स्वतःची सुटका करून घेतली आणि बहाव्याची साल मातीच्या पातळीला मऊ पडून काळवंडली. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचा एक मीटरचा परिसर काँक्रीटमुक्त करण्याचे आदेश दिले होते, त्याच्या बातम्या आम्ही सगळ्यांनी वाचल्या होत्या. ती महापालिकेच्या रस्त्यांची गोष्ट आहे असे आम्ही समजलो.

काय ठेवले, काय काढले

फेब्रुवारी २०२१ मध्ये काम पुन्हा सुरू झाले. झाडांभोवतीची सहाही कडी काढली. जाड मुळे जिथे काँक्रीटला चिकटली होती तिथे ब्रेकर न लावता छिन्नी-हातोड्याने, एकेक ढलपी सुटी करत. आत भरलेली माती उपसून बुंध्याची मान मोकळी केली आणि त्या जागी पालापाचोळ्याचा थर दिला. तो बुंध्याला न टेकणारा असावा यावर माळीकाकांचा कटाक्ष असतो.

पायवाटेच्या बाजूचे ३० मीटर काँक्रीट फोडून तिथे काळ्या दगडाचे घडीव ठोकळे सिमेंटशिवाय, नुसत्या मुरमावर आणि कचेवर, म्हणजे दगडाच्या बारीक चुऱ्यावर, बसवले. हा दगड आपल्याच भागातला. जड असल्यामुळे जागा सोडत नाही, फटींतून पाणी जाते, माती थोडीफार येते ती झाडून टाकता येते आणि एखादा ठोकळा वर आलाच तर पहारीने उचलून खालची कच सारखी करता येते. काँक्रीटचा काठ हलला तर फोडावा लागतो, दगडाचा हलला तर बसवता येतो. काळ्या मातीत हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खजिनदारांच्या जुन्या प्रश्नाचे उत्तरही यातच होते. सुटे कर्ब दर मीटर-अर्ध्या मीटरला आपोआप सांधलेले असतात, प्रत्येक तुकडा आपापला हलतो आणि उचलून पुन्हा ओळीत लावता येतो. २०१९ चे ८२ हजार आणि दुरुस्तीचे ७१ हजार मिळून दीड लाखाच्या वर खर्च झाला, तेव्हा ते वाचवलेले पंचवीस-सव्वीस हजार सभेत कोणी काढले नाहीत, ही लोकांची सभ्यता.

लॉनच्या पातळीतला ३८ मीटरचा पट्टा हात न लावता ठेवला. पाच इंच वर आलेले २२ मीटर फोडून, खाली ढाळ दिलेला मुरूम टाकून, लॉनच्या पातळीला नव्याने ओतले. या वेळी दर अडीच मीटरला थर्माकोलची पट्टी घालून सांधे दिले, आणि चौदा दिवस पाणी मारले. त्यासाठी कामच मुद्दाम फेब्रुवारीत घेतले, टँकर सुरू होण्याच्या आधी. पाइप आणि बागेतल्या दिव्यांच्या केबलसाठी चार ठिकाणी पीव्हीसीचे रिकामे नळकांडे काठाखालून आरपार टाकून ठेवले. २०२० मध्ये एका गळक्या पाइपसाठी दोन मीटर काठ फोडावा लागला होता, त्याचा तो धडा.

पार्किंगचा काठ राहिला, आणि राहायलाच हवा होता. तिथे दुसरी कोणतीही किनार मोटारीच्या चाकापुढे टिकली नसती. तडे गेलेल्या जागी कटरने सरळ सांधे कापून घेतले, म्हणजे तडा निदान रेघेत राहतो. दर दीड मीटरला, जमिनीच्या पातळीलगत दोन इंचांची भोके पाडली आणि त्यांच्या मागे, आतल्या बाजूला, कापडी गाळणीत गुंडाळलेली खडी भरली. कलंडलेले नऊ मीटर पूर्ण काढून ३० सेंटिमीटर मुरमावर परत ओतले. वाफ्यातले पाणी कमी करण्यासाठी काठालगतची पहिली ओळ कमी पाण्यावर जगणाऱ्या झुडपांची केली. हा उपाय बांधकामाचा नाही, पण काठाचे आयुष्य वाढवण्यात त्याचा वाटा मुरमाइतकाच असावा असा माझा अंदाज आहे.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. नागमोडी वाफ्यात पाणी तासाभरापेक्षा जास्त थांबलेले मी पाहिले नाही, मात्र भोके गाळाने बुजतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात माळीकाका बांबूची कामटी घेऊन एकेक भोक मोकळे करत जातात आणि त्यांना त्यात अर्धी सकाळ लागते. नव्याने ओतलेल्या नऊ मीटरच्या शेवटच्या सांध्याशी मी पेव्हर ब्लॉकवर पेन्सिलीने एक रेघ मारून ठेवली आहे. मे महिन्यात काठ त्या रेघेपासून दोन मिलिमीटर बाहेर असतो, आणि ऑगस्टमध्ये परत रेघेवर येतो.